जाम बोल्ट, खिळखिळी गाडी: अंगणात गाडी उघडणाऱ्यांनी लिहा

टिळकवाडी (धागा काढणारा)

आपल्या बेळगाव भागात गाडीचं सस्पेन्शन रस्त्यानं जितकं मरतं तितकंच पाण्यानं. जांबोटी-कणकुंबीकडे पाऊस लागला की गाडीचं पोट महिनोन्‌महिने वाळत नाही. चिकोडी-अथणीकडची काळी माती एकदा आर्मच्या (चाक धरणाऱ्या दांड्याच्या) सांध्यात बसली की उन्हाळ्यापर्यंत ओल धरून ठेवते. त्यात कुणाची गोव्याला जा-ये असेल तर खारी हवा. मग होतं काय, पार्ट बदलायला अर्धा तास आणि त्याचा बोल्ट काढायला अख्खा रविवार. गॅरेजवाले मजुरी घेतात ती बरीचशी या बोल्टचीच असते, असं माझं मत.

म्हणून विचारतो. लोअर आर्म (खालचा दांडा), लिंक (जोडदांडी), बुश (सांध्यातली रबरी गुंडी), पाटे (कमानीची स्प्रिंग), यांतलं काय घरी बदललंत? बोल्ट कसा सुटला? कुठं हात आखडता घेतलात? 'अमुक स्प्रे मारा' एवढंच नको, काय घडलं ते लिहा.

माझं सांगतो. जुनी मारुती आठशे, केए-२२. खड्ड्यात डावीकडून टकटक, आणि ब्रेक दाबला की स्टिअरिंग ओढायचं. आधी जॅकवर घेऊन खाली घोडा (लोखंडी स्टँड) लावला. चाक वर-खाली धरून हलवलं, बॉल जॉइंट (आर्म आणि चाकामधला गोळीचा सांधा) घट्ट. डावी-उजवीकडून धरून हलवलं, टाय रॉडही (स्टिअरिंगकडून चाकाला वळवणारा दांडा) ठीक. मग टॉमी (छोटी पहार) घालून आर्म उचकला तर अँटीरोल बारच्या (वळणावर गाडी कलू न देणाऱ्या दांड्याच्या) टोकाचे रबर बुश पार चिरमटलेले. आठशेत हा बार थेट लोअर आर्मच्या टोकातून जातो आणि आर्मला मागे-पुढे सरकू देत नाही, म्हणूनच ब्रेक मारताना ओढ लागत होती.

त्या टोकाचा नट म्हणजे लाल मातीचा गोळा. वायर ब्रशनं नटाबाहेरचे आटे लख्ख केले, तेल सोडलं, रात्रभर ठेवलं. सकाळी आधी किंचित आवळला, सोडवला नाही. कर्र असा आवाज आला की समजायचं गंजाची पकड सुटली. मग पाव फेरा मागे, जड झाला की परत पुढे, परत तेल. एका दमात मागे ओढलं की गंजाचा भुगा आट्यांत दाटतो आणि सुटत आलेला नट तिथंच बसतो. बारा कोनी रिंग पाना असल्या नटाला लावूच नये, सहा कोनी गोटी (सॉकेट) हवी. बारा कोनीनं मुंडी गोल होते आणि मग तुमची गाडी अंगणातच राहते.

उद्यमबाग

मी टर्नर आहे, गाड्यांचे आर्म आमच्याकडं प्रेसवर बुश बदलायला येतात. तुमचा नट सुटला हो, पण बोल्टच बाहेर आला नाही तर काय करणार? माझ्या स्वतःच्या गाडीत तेच झालं. लोअर आर्मचा मागच्या बाजूचा बोल्ट, नट निघाला, बोल्ट गोल गोल फिरतोय, पण बाहेर यायचं नाव नाही. का म्हणून टॉर्च लावून बघितलो तर बुशच्या आतली लोखंडी नळी आणि बोल्ट गंजून एक झालेत की! बोल्ट फिरवला की नळी फिरते आणि नुसतं रबर पिळतंय. तिथं घण मारला तर ब्रॅकेटचे कान वाकतात, बोल्ट हलत नाही. मी तेल-बिल सोडून दिलो आणि ब्रॅकेट आणि बुश यांच्या फटीत हेक्सॉ ब्लेड घातलो. दोन्ही बाजूंनी बोल्ट कापला, आर्म खाली. बुश बदलायचाच होता, नळी गेली तर गेली.

नवा बोल्ट घेताना जुन्याच्या डोक्यावर बघा काय छापलंय. १०.९ असेल तर १०.९च घाला. पहिला आकडा ताकदीचा, दर चौरस मिलिमीटरला १००० न्यूटन. दुसरा सांगतो की त्याच्या नव्वद टक्के ताणापर्यंत बोल्ट कायमचा लांबत नाही. हार्डवेअरच्या दुकानात सहज मिळतो तो ८.८, कधी त्याहून हलका. मापाला बसतो म्हणून घालणारे आहेत आमच्याकडं, काय सांगू.

आणि बुश घरी व्हाइसमध्ये धरून ठोकू नका. पत्र्याचा आर्म वाकतो. काढायच्या आधी बुशवरची खूण कुठल्या दिशेला आहे ते आर्मवर खडूनं मारून ठेवा. रबरात पोकळी असलेला बुश उलटा बसला तर गाडी चालते, पण बुश लवकर फाटतो.

निपाणी

आमची ऑम्नी २०१९ च्या पुरातली. त्या ऑगस्टला यमगर्णीजवळ हायवेच पाण्याखाली गेला होता, तर शेडातल्या गाडीचं काय घेऊन बसलात. इंजिन, सीट, वायरिंग लगेच करून घेतलं. मागच्या पाट्यांकडं कुणी बघितलंच नाही. भावाचा केटरिंगचा धंदा, भांडी भरली की गाडी मागून बसायची आणि वळणावर शॅकलमधून (पाट्याचं टोक अडकवलेल्या कडीतून) किरकिर करायची.

पाटे काढायचं ठरवलं. यू बोल्टच्या (पाटे ॲक्सलला बांधणाऱ्या) नटांना पाईप घालून दोघं लोंबकळलो. एक तुटला, आणि तुटला ते बरंच झालं. बाकीचे ग्राइंडरनं कापले. आमच्या गल्लीतला ट्रकच्या कमानी करणारा म्हातारा मिस्त्री म्हणाला, "यू बोल्ट सुटला तरी परत घालायचा नसतोय, एकदा ताणला की संपला." त्याचं बरोबर आहे. नवे घातल्यावर गाडी थोडी पळवून परत आवळायचे असतात, हे घरी काम करणारे हमखास विसरतात.

पाट्यांचा मधला सेंटर बोल्ट सोडवण्याआधी दोन्ही बाजूंनी सी क्लॅम्प लावा. पाटे एकमेकांवर ताणात बसलेले असतात, बोल्ट सुटला की उसळतात. जोडताना त्या बोल्टचं डोकं ॲक्सलच्या भोकात नीट बसलंय का हाताने चाचपून बघा. नसेल तर एक चाक मागं आणि एक पुढं, गाडी खेकड्यासारखी तिरकी जाते.

खानापूर

मी शाळेत शिकवते. नंदगडपर्यंत रोज गाडीनं जाते. कमी वेगात, खडीच्या रस्त्यावर पुढून खडखड, आणि मोठ्या खड्ड्यात मात्र काही नाही. ही लक्षणं स्टॅबिलायझर लिंकची, म्हणजे अँटीरोल बारला जोडणाऱ्या दांडीची. पार्ट स्वस्त, नट दोन, म्हटलं करूया.

लिंकचा नट फिरवला की त्याच्यासोबत मधला खिळाच फिरायला लागला. त्याच्या टोकाला ॲलन कीचं भोक असतं, ते धरून नट सोडवायचा. पण भोकात गंज आणि माती. सेफ्टी पिन घेऊन ते कोरत बसले. शेजारचे कन्नड शाळेचे मास्तर कंपाउंडवरून वाकून बघत होते, "निधान माड्री टीचर" (सावकाश करा) म्हणत होते, आणि मधेच घरात जाऊन दाढीचा जुना ब्रश घेऊन आले. भोक साफ झालं, ॲलन की बसली, अर्धा फेरा फिरला आणि भोकाच्या कडाच झिजल्या. मग लिंक वाचवायची कशाला? नवी हातात होतीच. मास्तरांच्या मुलाने ग्राइंडरनं नट उभा कापला, मी ओल्या फडक्यानं ब्रेकचा होज आणि सीव्ही जॉइंटचं (चाक फिरवणाऱ्या शाफ्टच्या सांध्याचं) रबर झाकून धरलं. ठिणगी त्या रबरावर पडली की दुसरं काम निघतं.

उजव्या बाजूला ॲलन कीच्या नादी न लागता सरळ कापलं. पार्ट बदलायचाच असेल तर जुना बोल्ट जपण्यात काही अर्थ नाही. दोन्ही बाजूंच्या लिंक एकदमच बदलल्या, एक नवी आणि एक जुनी ठेवली की आवाज कुठून येतो तेच कळत नाही.

काकती

एवढं घासत, कापत कशाला बसायचं? गॅस घ्या, नट लाल करा, पाना लावा. पाच मिनिटं.

उद्यमबाग

@काकती, लाल करायला हरकत नाही, कुठं करताय ते बघा की. बॉल जॉइंटच्या शेजारी लाल केलात तर रबरी बूट वितळला, ग्रीस पेटलं. शॉकअपच्या अंगाला ज्योत लागली तर आत तेल आणि दाबाखालचा वायू आहे, तो फुटतो. आणि आधी तेल मारून वरून ज्योत आणली तर धूर, जाळ सगळंच. नट तापवायचा, बोल्ट नाही. नट फुगला की आटे सैल होतात. दोन्ही सारखेच तापले तर फायदा काय? लाल करायचीही गरज नसते, तापलेल्या आट्यांवर मेणबत्ती टेकवा. मेण पातळ होऊन आत ओढलं जातं आणि थंड होता होता पाना फिरतो.

मुंडी गोल झालेल्या बोल्टला आम्ही वरून मोठा नट ठेवून वेल्ड मारतो. धरायला मुंडी मिळते आणि उष्णतेनं गंजाची पकडही सुटते. त्याआधी बॅटरीची वायर काढा, नवीन गाड्यांत इसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) असतोय.

संकेश्वर

डब्ल्यूडी-४० बद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. ते १९५३ साली पाणी हटवायला बनवलेलं मिश्रण, नावातला ४० म्हणजे चाळिसावा प्रयोग. ओल काढायला झकास, पण वर्षानुवर्षांच्या गंजात शिरायला खास पेनिट्रेटिंग ऑइल जास्त उपयोगी. मी अ‍ॅसिटोन आणि ऑटोमॅटिक गिअरचं एटीएफ तेल निम्मं-निम्मं बाटलीत हलवून वापरतो. दोन्ही वेगळं होत राहतं, म्हणून दरवेळी हलवायचं. अ‍ॅसिटोन पेट घेतं, त्यामुळे ज्या दिवशी हे, त्या दिवशी ज्योत नाही.

आणि मी हात आखडता घेतला तो शॉकअपच्या स्प्रिंगला. वरचा मधला नट सोडवला की दाबलेली स्प्रिंग सगळी ताकद एकदम सोडते. स्प्रिंग दाबून धरणारा कॉम्प्रेसर असला तरी तो बरा असावा लागतो. मी अख्खा स्ट्रट (शॉकअप आणि स्प्रिंगचा जोड) काढला आणि हातात घेऊन गॅरेजला गेलो. त्यांनी फक्त स्प्रिंग बदलून दिली. पैसे वाचतात आणि दातही.

चिकोडी

सगळ्यांनी बोल्ट काढण्यावरच लिहिलं, आवळण्यावर कुणी नाही. आमच्या मळ्यातली बोलेरो. मागच्या पाट्यांचे रबर बुश बदलले, नीट आवळले, आणि उसाच्या हंगामात ट्रॉल्यांनी फोडलेल्या रस्त्यावर ते बघता बघता फाटले. कारण जॅकवर असताना आवळलेले. चाकं लोंबकळतात तेव्हा पाटा सरळ नसतो, बुशची नळी त्याच अवस्थेत पकडली जाते. गाडी खाली उतरली की रबर कायमचं पिळलेलं. बुशचा बोल्ट हातानं बसवायचा, गाडी चाकांवर उभी करायची, थोडी हलवून बसू द्यायची आणि मगच शेवटचा पाना. खाली शिरायला जागा नाही म्हणून आम्ही चारी चाकांखाली जुने रेल्वेचे स्लीपर टाकतो. लोअर आर्मच्या बुशलाही हेच.

जोडताना बोल्टच्या गुळगुळीत अंगाला ग्रीसचा हात फिरवा, म्हणजे पुढच्या वेळी उद्यमबागवाल्यांना ब्लेड घालावं लागणार नाही. आट्यांना मात्र लावू नका. टॉर्कचा (किती जोरानं आवळायचं त्याचा) आकडा सहसा कोरड्या आट्यांसाठी दिलेला असतो, ग्रीस लावून तेवढाच आवळला तर बोल्ट जास्त ताणला जातो.

खानापूर

लिंक बदलल्यावर अलाइनमेंट करायला हवी का? बेळगावला त्यासाठी यायचं म्हणजे रजा टाकावी लागते.

टिळकवाडी

लिंकला नको, चाकाच्या कोनाशी तिचा संबंध नाही. लोअर आर्म, टाय रॉड एंड किंवा स्ट्रट काढला असेल तर हवी. टाय रॉड एंड काढताना किती फेऱ्यांत निघाला ते मोजा आणि नवा तेवढ्याच फेऱ्यांत बसवा. बेळगावपर्यंत गाडी सरळ येईल, मग पुढचं मशीन बघेल. शनिवारी अर्ध्या दिवसाची शाळा असेल तर दुपारी या, उद्यमबागेच्या रस्त्याला गर्दी कमी असते.