गीझर सुरू केल्यावर पाचेक मिनिटांनी आरसीसीबी (करंट अर्थमध्ये गळला की वीज तोडणारा स्विच) पडतो. एलिमेंट (पाणी तापवणारी कॉइल) बदलू की थर्मोस्टॅट (पाणी ठरावीक तापलं की वीज तोडणारा भाग)?

धागाकर्ता:
गीझर 25 लिटरचा, 2000 वॅटचा, 16 अँपिअरच्या वेगळ्या लाइनवर आहे. बटण दाबल्यावर लगेच काही होत नाही. पाणी कोमट होईपर्यंत ठीक चालतो, मग 30 मिलिअँपिअरचा मुख्य आरसीसीबी पडतो आणि अख्ख्या घराची वीज जाते. गीझरचा एमसीबी (ओव्हरलोड किंवा शॉर्ट झाल्यावर पडणारा स्विच) मात्र चढलेलाच असतो. प्लग काढला की आरसीसीबी पुन्हा व्यवस्थित टिकतो. एलिमेंटच्या दोन पिनांमध्ये मल्टीमीटर 27 ओहम दाखवतो, म्हणजे कॉइल शाबूत आहे. मग थर्मोस्टॅटच गेला असं धरू का? 100 मिलिअँपिअरचा आरसीसीबी लावा, असंही सुचवलं गेलंय.

ओहमवाला:
100 चा लावू नका. तो आगीपासून बचावासाठी असतो, अंगातून जाणाऱ्या करंटपासून माणसाला वाचवायला नव्हे. आणि ‘अर्थची वायर काढा, पडणं थांबेल’ असा सल्ला कुणी दिला तर तोही ऐकू नका. पडणं थांबेल खरं, पण टाकीच्या पत्र्यात वीज उतरेल.

आता मूळ दोष. एमसीबी पडत नाही म्हणजे ओव्हरलोड किंवा शॉर्ट नाही. 2000 वॅटला 230 व्होल्टवर 8.7 अँपिअर लागतात, 16 च्या लाइनला ते जड नाहीत. पडतोय तो आरसीसीबी, म्हणजे फेजने गेलेला करंट न्यूट्रलने पूर्ण परत येत नाहीये, थोडा अर्थमध्ये गळतोय. तुमचे 27 ओहम बरोबर आहेत (हिशेबाने साडेसव्वीस येतात), पण त्यातून कॉइल तुटलेली नाही एवढंच कळतं. गळतीबद्दल ते काहीच सांगत नाहीत.

कॉइलभोवती मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड ठासलेली असते आणि बाहेर धातूची नळी. क्षारांच्या थराखाली ही नळी गंजते, तिला केसाएवढी चीर पडते. पूड पाणी शोषून घेते आणि तिचा रोध कोसळतो. तापल्यावर चीर उघडते, गळती वाढते. पाच मिनिटांचा उशीर याच लक्षणात बसतो.

ओहमवाला:
मोजायचं असं. नुसतं बटण बंद करून भागत नाही. लाइनचा एमसीबी पाडा, प्लग काढा, टेस्टरने वीज नाही याची खात्री करा. खालचं झाकण उघडून एलिमेंटच्या *दोन्ही* वायरी सोडवा. एक जरी राहिली तरी इंडिकेटर आणि थर्मोस्टॅट मोजणीत घुसतात. मीटर सर्वांत वरच्या ओहम रेंजवर ठेवून एक प्रोब पिनला, दुसरा टाकीच्या अर्थ बोल्टला लावा. चांगल्या एलिमेंटला मीटर कुठलाच आकडा दाखवणार नाही. किलोओहममध्ये आकडा आला तर एलिमेंट बाद.

धागाकर्ता:
मोजलं. गार असताना 60 किलोओहमच्या आसपास. पण 60 किलोओहमला गळती 4 मिलिअँपिअरहून कमी होते, तेवढ्याने 30 चा कसा पडेल?

ओहमवाला:
हा आकडा गार एलिमेंटचा आहे, तोही मीटरच्या दोन-चार व्होल्टवर. 230 व्होल्टवर, तापलेल्या अवस्थेत तो 12 किलोओहमपर्यंत घसरला की 19 मिलिअँपिअर झाले. आरसीसीबी 30 ची वाट बघत नाही. नियमाप्रमाणे 15 पर्यंत त्याने पडायचं नसतं आणि 30 ला पडायलाच हवं, मधे कुठेही पडू शकतो. त्यात संगणक, वॉशिंग मशीन यांची थोडी थोडी गळती आधीच जमा असते. मेगरने (जास्त व्होल्ट देऊन रोध मोजणाऱ्या मीटरने) 500 व्होल्टवर मोजलं तर चित्र आणखी स्पष्ट होईल. 1 मेगाओहमच्या खाली असलेलं एलिमेंट ठेवू नये. तुमच्यासाठी आता त्याची गरज नाही.

फिटिंगवाला:
एक भर. बटण बंद, प्लग मात्र लावलेला, आणि तरीही आरसीसीबी पडत असेल, तर न्यूट्रलकडून अर्थला गळती असते. एकपोली बटण फक्त फेज तोडतं, न्यूट्रल जोडलेलाच राहतो. म्हणून गीझरला दोनपोली बटण हवं.

एलिमेंट बदलताना आधी आत येणारा कॉक बंद करा, गरम नळ उघडा, टाकी रिकामी करा. फ्लँजचे (एलिमेंट ज्यावर बसतं त्या चकतीचे) नट समोरासमोरच्या जोडीने थोडेथोडे आवळा, एकाच बाजूने आवळले तर गॅस्केट तिरकं बसून पाणी थेट टर्मिनलवर ठिबकतं आणि तोच त्रास नव्या एलिमेंटला सुरू होतो. गॅस्केट नवंच घाला. अ‍ॅनोड रॉड (टाकी गंजू नये म्हणून स्वतः झिजणारी दांडी) झिजून तार उरली असेल तर तोही याच वेळी बदला, नंतर त्यासाठी पुन्हा टाकी रिकामी करावी लागेल. टर्मिनल काळी पडली असतील तर वायरीचं जळकं टोक कापून नवी लग (वायरीच्या टोकाची धातूची टोपी) दाबून घ्या.

थर्मोस्टॅट त्याच्या नळीत पूर्ण आत गेलाय ना ते बघा. मग टाकी भरा, गरम नळातून हवा न फसफसता सलग धार येऊ द्या. त्याआधी वीज दिली तर नवं एलिमेंट कोरडं तापून मिनिटा-दोन मिनिटांत जाईल. आरसीसीबीचं टेस्ट बटणही दाबून बघा.