मदत हवी आहे : लिनक्सवर गेलो तर एक्सेलच्या मॅक्रोंचं काय?

विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. माझ्या संगणकात टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) नाही, म्हणजे विंडोज ११ अधिकृतपणे बसत नाही. मशीन ठणठणीत आहे. तेवढ्यासाठी नवीन घेणं पटत नाही. म्हणून विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही ऑपरेटिंग सिस्टीम टाकायचा विचार आहे. ब्राउझर, मेलची चिंता नाही. अडतंय ते एक्सेलपाशी. माझ्या फायलींत व्हीबीए मॅक्रो (एक्सेलमधली कामं आपोआप करणारे छोटे प्रोग्राम) भरपूर आहेत. लिब्रेऑफिस फुकट आहे, साध्या फायली नीट उघडतं, पण मॅक्रो सगळे चालतीलच असं नाही. ऑफिसचं वार्षिक भाडं भरायचं तर जिवावर येतं (वापर तो कितीसा!). व्हर्च्युअल मशीनमध्ये (लिनक्सच्या आत चालणाऱ्या आभासी संगणकात) विंडोज ठेवून कुणी असं काम करतं का? ८ जीबी रॅम पुरेल? की मॅक्रो पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत नव्याने लिहिलेले बरे?