थाळनेरला राजांचे घुमट उभे आहेत, मग त्यांची घरं कुठे गेली?

तापीकाठची

नमस्कार मंडळी. माझं माहेर शिरपूर, आता पुण्यात असते. दिवाळीत भाचीला घेऊन थाळनेरला गेले होते. खानदेशावर राज्य केलेल्या फारुकी राजांचे मकबरे बघितले. एक अष्टकोनी आहे, त्यावरचं कोरीवकाम बघत आम्ही अर्धा तास उभ्या होतो. बाकीचे चौकोनी, साधे. भाची सातवीत आहे. ती घुमटाखाली मान वर करून म्हणाली, "मावशी, मेल्यावर राहायला एवढं पक्कं, मग जिवंत असताना कुठे राहायचे?"

मी किल्ल्याकडे बोट केलं. किल्ला म्हणजे तापीच्या काठावर उरलेली पडकी तटबंदी आणि झुडपं. तिने माझ्याकडे असं बघितलं की मी गप्पच बसले.

तर प्रश्न असा. ही दोनशे वर्षांची राजधानी ना? मग वाडे, बाजार, कचेऱ्या कुठे गेल्या? आणि त्या काळी कारभार चालायचा कसा, म्हणजे साध्या माणसाला "सरकार" दिसायचं कुठे? लढायांच्या सनावळ्या नकोत, त्या तिच्या पुस्तकात आहेत.

निवृत्त मास्तर, चाळीसगाव

ताई, आधी एक दुरुस्ती. फारुकींचं राज्य दोनशे वर्षांवर चाललं, पण थाळनेर तेवढा काळ राजधानी नव्हतं. 1370 मध्ये फिरोजशाह तुघलकाने मलिक राजाला थाळनेर आणि करवंद ही ठाणी दिली. 1382 मध्ये तो स्वतंत्र झाला, 1399 मध्ये वारला. त्याच्या मुलाने, नासीर खानाने, आसा अहिराकडून असीरगडचा किल्ला घेतला. डोल्यांतून बायकामुलं पाठवतो असं सांगून आत शिपाई घुसवले, अशी फिरिश्ता या जुन्या इतिहासकाराने लिहिलेली गोष्ट आहे. मग तापीवरच त्याने बुऱ्हाणपूर वसवलं आणि दरबार तिकडे गेला. थाळनेरला राहिले ते पहिल्या पिढ्यांचे मकबरे. सनावळी नको म्हणालात आणि मी तीच दिली, चाळीस वर्षांची खोड आहे.

आता घरांचं. तुम्ही शिरपूरच्या, धाब्याचं घर बघितलं असेलच. आमचं जुनं घर तसंच होतं. सागाचे खांब, त्यावर सऱ्या, वर फळ्या आणि काटक्या, त्यावर मातीचा जाड थर. मृग लागायच्या आत वर खारी माती पसरायची, म्हणजे गळत नाही. वडील वारले, आम्ही दोघे भाऊ नोकरीला बाहेर, तीन पावसाळे खारी पडली नाही. चौथ्या वर्षी मधला खण बसला. सहाव्या वर्षी शेजाऱ्याने विचारलं, मास्तर, तुमची माती शेतात टाकायला नेऊ का? मी हो म्हणालो. आज तिथे घर होतं हे सांगूनही खरं वाटत नाही.

सहाशे वर्षांपूर्वीच्या बाजारपेठेचं काय झालं असेल ते यावरून ताडा. गावातल्या बहुतेकांची वस्ती मातीलाकडाचीच. घर पडलं की त्याच मातीवर नवं घर, असं करत गाव उंच होत जातं. ती पांढरी, आणि पांढरीची माती खत म्हणून उत्तम, म्हणून लोक ती खणून नेतात. तुमच्या बाजूलाच प्रकाशे आहे, तापी-गोमाईच्या संगमावर. 1954-55 मध्ये तिथल्या टेकाडात उत्खनन झालं. तळाशी ताम्रपाषाण काळातली रंगीत भांडी आणि वर एकावर एक थर, मध्ययुगाच्या सुरुवातीपर्यंतचे. दगड लावला जायचा तो देवाला, किल्ल्याला आणि थडग्याला.

पांझरेकाठ

मास्तरांनी घराचं सांगितलं, मी कारभाराचं सांगतो. आम्ही फडाची माणसं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: पांझरा नदीवर ठिकठिकाणी दगडी बंधारे आहेत, त्यातून पाट निघतो आणि खालची जमीन फडांत वाटलेली असते. बहुतेक ठिकाणी चार फड. एका फडात त्या साली एकच पीक, ऊस तर ऊस, गहू तर गहू. पुढच्या साली फिरतं. गंमत अशी की प्रत्येकाचा तुकडा प्रत्येक फडात असतो. त्यामुळे पाणी कमी पडलं आणि एक फड कोरडा ठेवायची वेळ आली तर सगळ्यांचंच थोडं थोडं कोरडं राहतं, एकट्याचं मरण होत नाही. ही पद्धत निदान तीनशे वर्षं चालत आली आहे.

माझे आबा पाटकरी होते. पाणी शेतकऱ्याने स्वतः घ्यायचं नाही, पाटकरीच देणार. पाटावर हवालदार, पिकावर नजर ठेवायला जागल्या, आणि सगळ्यांवर पंच. मी आठ वर्षांचा असताना आमच्याच वाफ्याची माती पायाने सारून पाणी घेतलं. उन्हाळा होता, भेंडीची चार रोपं माना टाकून होती, दुसरं काही नाही. आजी मागून ओरडली, "पाटले हात लावू नको, पाटकरी ई राहिना!" म्हणजे येतोय. पाटकरी म्हणजे तिचाच नवरा. आबा आले, काही बोलले नाहीत, फावड्याने बारं बंद केलं आणि पुढे गेले. संध्याकाळी पंचांपुढे जाऊन स्वतःच सांगितलं की माझ्या नातवाने पाणी फोडलं. दंड भरला. किती ते आठवत नाही, पण त्या आठवड्यात घरात चहा गुळाचा होता.

आबांना पगार नव्हता. खळ्यावर प्रत्येकाकडून धान्याचा वाटा यायचा. तर ताई, भाचीला सांगा, आमच्याकडे सरकार म्हणजे खांद्यावर फावडं घेतलेला माणूस होता.

बुऱ्हाणपूरची सून

थोडं विषयाबाहेर होईल, पण पाण्यावरून आठवलं. आता आम्ही मध्य प्रदेशात मोडतो, पण बुऱ्हाणपूर खानदेशाचंच. इथे कुंडी भंडारा आहे, 1615 च्या सुमाराचा, म्हणजे फारुकी गेल्यावरचा, मोगलांचा. अब्दुर्रहीम खानखाना इथे सुभेदार असताना केलेला. सातपुड्याकडून झिरपणारं पाणी जमिनीखालच्या बोगद्याने, नुसत्या उतारावर, शहराकडे आणलंय. वर शंभराच्या आसपास कुंड्या, म्हणजे विहिरीसारखी तोंडं, ओळीने दिसतात. मी एकदा खाली उतरले होते. पाणी पोटरीपर्यंत, गार. भिंतींवर चुन्याचा पांढरा थर इतका जाड चढलाय की मूळ दगड दिसत नाही. घरातल्या पाण्याच्या हंड्याला धरतो तसाच, फक्त चारशे वर्षांचा.

आणि भाचीला इथली जामा मशीद दाखवा. 1590 ची, आदिलशाह फारुकीने बांधलेली. आत अरबी लेखासोबत चक्क संस्कृत लेख आहे, शक-संवत, तिथी सगळं घालून. पहिल्यांदा बघितला तेव्हा मला वाटलं, कुणी तरी लग्नपत्रिका कोरलीय.

निवृत्त मास्तर, चाळीसगाव

पांझरेकाठ, तुमच्या आबांच्या धान्यावरून राहवलं नाही, परत लिहितो.

आमच्या पाटण्याला, पाटणादेवीच्या देवळात, शके 1128 चा, म्हणजे 1206-07 च्या सुमाराचा शिलालेख आहे. भाऊ दाजी लाड यांनी तो उजेडात आणला. काळ यादवांचा, इथे त्यांचे मांडलिक निकुंभ. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव, त्याने आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला. आता मठ म्हटला की खर्च आला. तो कसा भागवायचा ते लेखात आहे, आणि वर संस्कृत असलं तरी हा हिशेबाचा भाग मराठीत आहे. कारण उघड आहे, तो तेल्याला आणि वाण्याला कळायला हवा! बाजारात माल विकला की राजाला जो कर मिळायचा तो मठाला. आणि जितके घाणे चालतील तितक्यांमागे पळी पळी तेल.

मी वर्गात ग्रहगणित कधी धड शिकवू शकलो नाही, पण ही पळी दरवर्षी सांगायचो.

तापीकाठची

सगळ्यांचे आभार. भाचीला फोनवर सगळं वाचून दाखवलं. फडाचं ऐकून म्हणाली, म्हणजे आबांनी स्वतःच्याच नातवाला पकडून दिलं? मग पळीचं ऐकलं आणि फोन तसाच ठेवून स्वयंपाकघरात गेली. परत आली ती दोन पळ्या घेऊन, एक आमटीची, एक तेलाच्या बरणीतली. विचारतेय, यातली कोणती?

मास्तर, काय सांगू?

निवृत्त मास्तर, चाळीसगाव

तेल्याला विचारलं तर लहान, मठाला विचारलं तर मोठी.

पांझरेकाठ

रब्बीत तिला घेऊन या. पाट चालू असतो. फक्त हात लावू देऊ नका.