पानगळीत कामं उलट वाढतात

उन्हाळ्यातली गर्दी सरली की घोडी-तट्टं पाळणाऱ्या कुटुंबांना उसंत मिळते, असं वर एकांनी लिहिलंय. इंग्लंडमधल्या न्यू फॉरेस्टपुरतं तरी हे अजिबात पटत नाही. तिथली तट्टं मोकळी फिरतात म्हणून रानटी वाटतात, पण प्रत्येकाला मालक असतो. जंगलात जनावरं चारायचा जुना हक्क असलेली ही घरं, 'कॉमनर' म्हणतात त्यांना.

उन्हाळा सरता सरता हाका सुरू होतो. घोड्यांवर बसून माळावरची तट्टं कोंडवाड्यात आणायची, शिंगरांना डाग द्यायचा, जंताचं औषध पाजायचं आणि शेपटीचे केस ठरावीक पद्धतीने कातरायचे. त्या कापावरून चराईची वर्षाची फी भरली आहे आणि जनावर कुठल्या 'अ‍ॅजिस्टर'च्या, म्हणजे मोकळ्या जनावरांवर देखरेख ठेवणाऱ्या माणसाच्या, भागातलं आहे, हे लांबूनच कळतं. मला ही खूण फार आवडते, जनावराच्या जवळ जायचीही गरज नाही!

खरी काळजी ओकच्या हिरव्या फळांची. तट्टांनी ती भरपूर खाल्ली तर मूत्रपिंडं निकामी होऊन जनावर दगावतं. डुकरांना मात्र पचतात. म्हणून दर शरदात किमान 60 दिवस डुकरं जंगलात सोडतात, जमीन उकरू नयेत म्हणून नाकात कडी घालून. फळं फार धरली तर मुदत वाढवतात.

घरच्या कुरणातल्या तट्टांची गोष्ट वेगळी. पावसाने गवत पुन्हा कोवळं फुटतं, त्यातल्या साखरेने खुरांच्या आत सूज येते. त्यांना मोजूनमापूनच चरू द्यावं लागतं.