मदत हवी आहे: ब्लाउजपीसवर कात्री लावताना हात थांबतो

मंडळी, महाद्वार रोडजवळच्या शिवणवर्गातल्या नवशिक्या बायकांसाठी विचारतेय. सरळ शिलाई जमते, कटिंग म्हटलं की बिचकतात. आधी वर्तमानपत्रावर 3 वेळा, मग मांजरपाटावर (साध्या स्वस्त सुती कापडावर), असा क्रम चालू आहे. बगलेला दीड इंच माया (शिलाईपलीकडचं जादा कापड) सोडली की घट्ट झालेलं उसवून सैल करता येतं. गळाही आधी अर्धा इंच लहानच कापायचा. खरी भीती मुंढ्याची, म्हणजे बाही जोडतात त्या गोलाईची, आणि ती काही खोटी नाही. तो खोल गेला की हात वर करताना अख्खा ब्लाउज वर चढतो, कापलेलं कापड परत जोडता येत नाही. मांजरपाटावर बिनचूक कापणारीसुद्धा खणावर अडते. मध्ये आणखी कुठली पायरी घालावी? जुन्या सुती साडीवर कुणी करून घेतलंय का? सांगा की!