पेपर बंद करा म्हणणाऱ्यांनो, रक्षाविसर्जन कुठे वाचणार?

शहापूरकर
काल इथे एकाने लिहिलं, "बेळगावात मराठी पेपर घेणं ही आता नुसती सवय. वाढदिवसाच्या जाहिराती आणि सीमाप्रश्न, बाकी असतं काय? मी या महिन्यापासून बंद केला." रात्रभर डोक्यात तेच, म्हणून लिहितोय.

बाबुराव ठाकूरांनी १९१९ साली इथे 'तरुण भारत' काढला तेव्हा आपण मुंबई इलाख्यात होतो. १ नोव्हेंबर १९५६ ला म्हैसूर राज्यात गेलो. हळूहळू सरकारी कागद कन्नड झाले, बसची पाटी कन्नड झाली. आपल्या गावाबद्दल आपल्या भाषेत छापून रोज दारात पडतं ते एवढंच. पुण्या-मुंबईच्या पेपरांना आपण आठवतो ते १ नोव्हेंबरच्या काळ्या दिनाला, नाहीतर बसला काळं फासलं की.

माझ्या काकांचं शेत हलगा-मच्छे बायपासच्या पट्ट्यात. नोटीस आली ती कन्नडमध्ये. घरात वाचणारं कुणी नाही, काकांनी देवळीत ठेवून दिली. पेपरात सर्व्हे नंबरांसकट बातमी आली तेव्हा कळलं, हरकतीला आठच दिवस उरलेत. ही नुसती सवय?

अनगोळचा
पोस्ट माझी होती. सरळ मला विचारायचं होतंत.

आमच्या भागातली मराठी शाळा बंद पडायला आली, पहिलीत तीन पोरं. एका पेपरात (नाव घेत नाही) दोनदा पत्र नेऊन दिलं, फोटोसकट. एक ओळ आली नाही. त्याच आठवड्यात कुणा पुढाऱ्याच्या वाढदिवसाचं अख्खं पान. मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाचं कलम ३५० अ राज्यघटनेत आहे, त्यावर कधी धरून बसलेत? भाषा टिकवायची तर शाळेपासून सुरू करा की.

खानापूरची लेक
तुमची मुलगी कुठल्या मीडियमला आहे हो?

अनगोळचा
इंग्लिश. आणि माझ्या घरात शिरू नका. मराठीवर नोकरी देणार आहात का तिला?

खानापूरची लेक
मग पहिलीत तीनच पोरं का, ते पेपरला काय विचारता?

पेपर कशाला लागतो ते सांगते. पप्पा गेले तेव्हा त्यांचे एक जुने मित्र निधन वार्ता वाचून चंदगडहून एसटीनं रक्षाविसर्जनाला आले. तीस वर्षं गाठ नव्हती. आमच्यापैकी एकाकडेही त्यांचा नंबर नव्हता. ते स्मशानात कोपऱ्यात उभे राहून रडत होते, आणि ते कोण हे फक्त आईला माहीत.

वडगावकर
निधन वार्तेचं कौतुक मला सांगू नका. एका पेपरात आमच्या आजीच्या वार्तेवर तिच्या धाकट्या बहिणीचा फोटो छापला. जिवंत बाई! सकाळी सकाळी तिच्या दारात माणसं जमली. दुसऱ्या दिवशी आतल्या पानावर दोन ओळी दिलगिरी. व्हॉट्सॲपवर तासात सगळ्यांना कळतं. पेपर येईपर्यंत माती झालेली असते.

शहापूरकर
मातीला नाही, रक्षाविसर्जनाला माणसं येतात पेपर वाचून. ते तिसऱ्या दिवशी असतं. व्हॉट्सॲप ज्याचा नंबर आहे त्यालाच कळवणार.

वडगावकर
माझ्या आजीला त्या दिवशी तिच्या स्वतःच्या चेहऱ्यानं निरोप मिळाला नाही. तुम्ही तिसरा दिवस कसले मोजता!

खानापूरची लेक
हे वाईटच झालं. फोटो चुकणं माफ करण्यासारखं नाही, मान्य.

वडगावकर
आणि सीमाप्रश्न. काळ्या दिनाच्या सायकल फेरीत मी पाठीवर काठ्या खाल्ल्यात, मला कुणी निष्ठा शिकवू नये. २००४ पासून दावा सुप्रीम कोर्टात. तारीख पडली, पुढे गेली, तीच बातमी, तेच फोटो. नळाला किती दिवसांनी पाणी येतं ते पहिल्या पानावर कधी?

शहापूरकर
ती बातमी छापायची थांबली तर दावा आहे हे तरी किती जणांच्या लक्षात राहील? पण पाण्याचं बरोबर आहे. वाढदिवसाच्या पानांचंही. जाहिरातीशिवाय पेपर चालत नाही हे कळतं, तरी शाळेचं पत्र टोपलीत जाऊ नये.

अनगोळचा
एवढं कबूल करायला पाऊण दिवस लागला तुम्हाला.

मघाशी आईला विचारलं. ती म्हणाली, पेपर बंद केल्यापासून दोन ठिकाणचं रक्षाविसर्जन चुकलं, एक तिच्या शाळेतल्या बाईंचं. मला बोलली नव्हती. पेपरवाल्याला उद्यापासून टाकायला सांगतोय, आईसाठी. शाळेचं पत्र तिसऱ्यांदा घेऊन जाणार. सोमवारी अकराला. शहापूरकर, येणार असाल तर सोबत या.