फियाट ११०० : ५.२०-१४ नायलॉनच्या जागी कोणता टायर?

गंगापूररोडकर:
नमस्कार मंडळी. गाडी १९६९ ची फियाट ११०० डिलाइट. टायर ५.२०-१४, चार प्लायचे नायलॉन, आत ट्यूब. नक्षी निम्म्याहून जास्त शिल्लक आहे, पण साइडवॉलला बारीक चिरा गेल्यात. गाडी आठवडाभर उभी राहिली की पहिले दोन-तीन किलोमीटर स्टिअरिंग थडथडतं. इथे नाशिकला द्वारकेच्या एका दुकानात १६५/८० आर १४ ट्यूबलेस घाला म्हणाले, मुंबई नाक्याला १७५/६५ आर १४. वापर म्हणजे रविवारी धरणापर्यंत, आणि वर्षातून दोन-तीनदा कसारा उतरून मुंबई. ट्यूबलेस चालेल का? स्टेपनी फारशी वापरलेलीच नाही, ती तशीच ठेवली तर चालेल का? आणि सातपूरला टायरचा कारखाना असताना तिथून थेट जुनं माप मिळत नाही का?

रिम-रबर:
दादा, आधी सोपं ते. कारखान्यातून किरकोळ विक्री होत नाही, माल विक्रेत्यामार्फतच घ्यावा लागतो. थडथड हा नायलॉनचा स्वभाव आहे. उभ्या गाडीखाली टायर चपटा होतो आणि चालून गरम झाला की परत गोल होतो. चिरा मात्र वेगळी गोष्ट. रबर वाळलंय, नक्षीकडे बघूच नका.

आता माप. ५.२० म्हणजे रुंदी ५.२ इंच, साधारण १३२ मिमी. या जुन्या मापात साइडवॉलची उंची जवळपास रुंदीइतकीच असते, म्हणून टायरचा बाहेरचा व्यास ६०५ ते ६१० मिमीच्या आसपास येतो. त्याच्याशी ताडून बघा (नव्या मापात पहिला आकडा रुंदी मिमीत, दुसरा साइडवॉलची उंची रुंदीच्या टक्क्यांत, शेवटचा रिम इंचांत):

१५५/८० आर १४ : ६०४ मिमी
१६५/८० आर १४ : ६२० मिमी
१७५/६५ आर १४ : ५८३ मिमी

१५५/८० मिळाला तर डोळे मिटून घ्या. नाही मिळाला तर १६५/८०. हे माप स्विफ्टच्या साध्या मॉडेलला येतं, त्यामुळे ताजा माल असतो. व्यास दोनेक टक्के वाढतो, काटा ६० दाखवेल तेव्हा गाडी ६१ ला असेल. त्यावरचं ८५टी म्हणजे एका टायरला ५१५ किलो भार आणि १९० चा वेग, फियाटला भरपूर झालं.

१७५/६५ घेऊ नका. व्यास चार टक्के कमी, म्हणजे त्याच वेगाला इंजिन तेवढं जास्त फिरणार आणि गाडी बारा मिमी खाली बसणार. शिवाय त्याला किमान ५ इंची रिम लागते. अरुंद रिमवर साइडवॉल आत दाबल्या जातात, मधली नक्षी फुगते आणि टायर मधोमध झिजतो.

१६५ हा जुन्यापेक्षा ३३ मिमी रुंद, म्हणजे दोन्ही बाजूंना सोळा-सोळा मिमी जास्त. म्हणून चार घ्यायच्या आधी एकच चढवून बघा. पुढे लावून स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवा, मग मागे लावून चार माणसं बसवा. मागे आतल्या बाजूला पाट्याशी (लीफ स्प्रिंगशी) आणि वर मडगार्डच्या दुमडलेल्या कडेशी बोट आरामात फिरलं पाहिजे. पाट्यापाशी मातीचा छोटा गोळा चिकटवून गतिरोधकावरून एक चक्कर मारा. गोळा दबला तर १६५ विसरा.

पाना-जॅक:
वरच्या मापाशी सहमत. ट्यूबलेसचं सांगतो, कारण घोळ तिथेच होतो.

टायर ट्यूबलेस घेतला तरी आत ट्यूब टाकायची. टायर काढल्यावर रिमच्या बीड (टायरची आतली कडक कड) बसण्याच्या पट्टीवरून बोट फिरवा. नव्या रिमला तिथे बारीक उंचवटा लागतो, जुन्या रिमला सपाट. तो उंचवटा नसला की हवा कमी असताना जोरात वळण घेतल्यावर बीड आत घसरतं आणि क्षणात सगळी हवा जाते. कसाऱ्याच्या वळणावर हे नको.

ट्यूब रेडियलचीच घ्या (मापातला आर म्हणजे रेडियल, वरचे तिन्ही नवे टायर त्याच जातीचे), मापासकट तसं छापलेली. रेडियलची साइडवॉल जास्त हलते, त्यात साधी ट्यूब घासून तापते. टायरच्या आत कागदी लेबल किंवा उभट रेघ असेल तर सँडपेपरने सपाट करा, नाहीतर पंक्चर तिथेच होणार. रिमचा गंज तारेच्या ब्रशने काढून रेडऑक्साइड मारा, पूर्ण वाळू द्या, मग ट्यूबला पावडर लावा. हवा एकदा भरायची, पूर्ण सोडायची, पुन्हा भरायची, म्हणजे ट्यूबची घडी सुटते. हे पंक्चरवाल्याकडून समोर उभं राहून करून घ्या, घाईत पहिलं हेच गाळलं जातं. बीड बसवताना साबणाचं पाणी लावा, ४० पीएसआयच्या वर जाऊ नका.

वॉल्व्हचं भोक मोजा. टीआर १३ वॉल्व्हला साडेअकरा मिमी लागतं, टीआर १५ ला सोळा. मोठ्या भोकात बारीक वॉल्व्ह डुलतो आणि बुडाशी फाटतो.

जुनीचाकं:
दोन-तीन गोष्टी राहिल्या. एका अ‍ॅक्सलवर नायलॉन आणि रेडियल कधीच नाही. मिसळायची वेळच आली तर रेडियल मागे. उलट केलं तर वळणावर मागची बाजू आधी सुटते. त्यामुळे स्टेपनीही रेडियल, एकूण पाच.

हवा मॅन्युअलमधल्या नायलॉनच्या आकड्यापेक्षा २ ते ४ पीएसआय जास्त ठेवा, सकाळी टायर थंड असताना मोजून. रेडियलला टो-इन (पुढची चाकं समोरच्या बाजूला किंचित आत वळलेली असणं) कमी लागतं, अलाइनमेंटवाल्याला तसं सांगा. पण त्याआधी किंगपिन (पुढचं चाक ज्या पिनवर वळतं ती) बघा. चाक उचलून घड्याळातल्या बारा आणि सहाच्या जागी धरून हलवा. खेळ असेल तर कुणाला तरी ब्रेक दाबायला सांगून पुन्हा हलवा. खेळ थांबला तर बेअरिंग, राहिला तर किंगपिन. तो खेळ ठेवून नवे टायर घातले तर पैसे पाण्यात.

घाट खालच्या गिअरमध्ये उतरा. चारही ड्रम ब्रेक आहेत, त्यांची उष्णता रिममार्गे ट्यूबपर्यंत जाते.

आणि २०२१ च्या नियमाने व्हिंटेज नोंदणी करणार असाल तर चॅसिस, बॉडी, इंजिन मूळचं लागतं. पण त्या नोंदणीवर गाडी रोजच्या वापराला चालवता येत नाही, हे आधी ध्यानात घ्या.

गंगापूररोडकर:
सगळ्यांचे मनापासून आभार. आज मोजलं. रिम सपाट, आत ४ इंच, भोक सोळा मिमी. दुकानातल्या १६५ च्या ट्यूबला टीआर १३ वॉल्व्ह आहे. स्टेपनीवर डीओटीच्या (साइडवॉलवर छापलेला कोड, शेवटी बनावटीचा आठवडा-वर्ष) शेवटी तीनच आकडे आहेत.

रिम-रबर:
तीन आकडे म्हणजे २००० सालाआधीचा टायर, अजिबात चढवू नका. नव्या टायरला चार आकडे असतात, २३२५ म्हणजे २०२५ चा तेविसावा आठवडा. पाचही टायर वर्षाच्या आतले मागा. भोकासाठी रबरी बुश मिळतो, पाचही रिमला घाला. ४ इंची रिम १६५ ला अगदी खालच्या टोकाची आहे, म्हणून १५५ साठी आणखी दोन-चार दुकानं फिरा. नाहीच मिळाला तर १६५ घाला आणि हजार किलोमीटरनंतर मधली आणि कडेची नक्षी मोजून बघा. मध्ये जास्त झिजली असेल तर २ पीएसआय कमी करा.